कुमारांसाठी फँटसी कादंबरी लिहायची आहे? साताऱ्यात बसून पहिल्या ओळीपासून छापील प्रतीपर्यंत

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते आणि पहाटे पाच ते साडेसहा लिहिते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली माझी पहिली फँटसी कादंबरी गेल्या वर्षी छापून हातात आली. पहिल्या ओळीपासून त्या दिवसापर्यंत साडेचार वर्षं गेली. कुणी शेजारी बसवून चार गोष्टी नीट सांगितल्या असत्या, तर त्यातली दोन तरी वाचली असती. पण विचारायचं कुणाला, हेच कळत नव्हतं. कविता लिहिणारे, ग्रामीण कथा लिहिणारे, इतिहासावर लिहिणारे आपल्याकडे भेटतात. "मोठ्या मुलांसाठी जादूची कादंबरी" म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे परीकथा का?"

सातारा, कराड, वाई, सांगली, नाहीतर माण-खटावातल्या एखाद्या गावात बसून तुम्ही असं काही लिहायला घेतलं असेल, तर हे तुमच्यासाठी. पायऱ्या क्रमानं दिल्या आहेत. पुढच्या थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, पहिली मात्र पहिलीच ठेवा.

१. गोष्टीच्या आधी वाचक गाठा

लहान मुलांसाठी मराठीत भरपूर लिहिलं जातं, मोठ्यांसाठीही. मधला वाचक, म्हणजे आठवी ते बारावीचा, दोन्हीकडून सुटतो. त्याला बोधकथा नको असते आणि मोठ्यांच्या कादंबरीतला संसारही नको असतो. आपल्याच वयाचं कुणीतरी हवं असतं, जे स्वतः निर्णय घेतं, चुकतं आणि चुकीचं फळ खरंखुरं भोगतं.

अशी पाच-सहा मुलं शोधा. गल्लीतली चालतील, भाचे-पुतणे चालतील, पण निदान दोघं-तिघं अशी हवीत ज्यांना तुमची भीड नाही. मी मुख्याध्यापकांची परवानगी काढून एका गावच्या हायस्कुलात दर गुरुवारी चौथ्या तासाला आठवीच्या वर्गावर जायला लागले. पहिले दोन महिने काही वाचलं नाही, फक्त विचारलं. काय बघता? कशाला घाबरता? शेवटची गोष्ट कधी रात्री जागून संपवली? वर्गातली निम्मी मुलं मोबाइलवर जपानी अॅनिमे बघत होती. कुणात कोणती शक्ती आहे, ती कधी संपते, कुणाचं कुणापुढे चालत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गोष्टीच्या बांधणीबद्दल या मुलांची समज पक्की असते. "मुलांना काय कळतंय" म्हणून सैल लिहिलेलं त्यांना पहिल्या पाच पानांत कळतं.

एक पथ्य पाळा. शाळेत जायचं तर परवानगी लेखी घ्या, वर्गावर शिक्षक हजर असू द्या आणि मुलांचे फोटो कुठेही टाकू नका.

२. वाचन करा, पण पैसे उधळू नका

साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२ सालचं आहे. वर्गणी भरा आणि बालविभाग, जुन्या कादंबऱ्या, लोककथा असे तिन्ही कप्पे चाळा. अद्भुत ही मराठीला परकी गोष्ट नाही. 'मुक्तामाला' १८६१ ची आणि 'मंजुघोषा' १८६८ ची, म्हणजे आपल्या कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतच अद्भुतरम्य कथानकं आली आहेत. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय. तिथं घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचायला पैसे लागत नाहीत. एक रविवार तिथं घालवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. शस्त्रं, वनस्पती, धातू, जुनी यंत्रं याबद्दल काही अडलं तर मराठी विश्वकोश उघडा. त्याचं कार्यालय आपल्या वाईत आहे आणि वीसही खंडांतल्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात.

३. जग पायाखालचं घ्या

माझा पहिला खर्डा बर्फाळ डोंगरातल्या एका किल्ल्यात घडत होता. मी बर्फ पाहिलेला नाही. सत्तर पानं लिहून झाल्यावर जाणवलं की त्या सत्तर पानांत एकही वास नाही. कुणाला तहान लागत नाही, कुणाच्या पायाला काटा लागत नाही. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तेही पडद्यावर. ती पानं मी बाजूला ठेवली आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावाला गेले.

लिंबची बारा मोटेची विहीर बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. पायऱ्या उतरत गेलं की आत कमानी, भिंतीत कोरलेले शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, वर छोटा महाल, आणि समोर अष्टकोनी विहीर. दुपारच्या उन्हातून आत शिरलं की तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अंगावर गार हवा येते. मी तिथं वहीत काय लिहिलं ते सांगते: "पाण्यावर उजेड हलतोय तसा छतावर हलतोय. पारवा उडाला की आवाज आधी खालून येतो." कादंबरीचं पहिलं प्रकरण या दोन वाक्यांतून उभं राहिलं. माझी नायिका आवाज खालून येतो तिकडे बघते.

आपल्या जिल्ह्यात जग रचायला लागणारं साहित्य इतकं आहे की वेगळं राज्य कल्पायची गरज पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात म्हसवड-दहिवडीकडे ५०० च्या आसपास. एकाच सीमेत ओलं राज्य आणि कोरडं राज्य. लढाईचं कारण शोधायला आणखी कुठे जायचं? कास पठारावर टोपली कारवी दर सात वर्षांनी फुलते. सात वर्षांतून एकदाच उघडणारी वाट तुम्हाला त्या फुलानं आयती दिली. कोयनेच्या शिवसागरात गावं बुडाली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या खुणा वर येतात. बामणोलीकडच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसलात तर कुठल्या ओढ्यावर कुणाचं खळं होतं ते अजून सांगतात. हे ऐकायला जाल तेव्हा एक भान ठेवा. ते त्यांचं गेलेलं घर आहे. तुमच्या गोष्टीत ते भुताटकीचं ठिकाण करून टाकू नका.

लोकसमजुतीतल्या शक्ती तर ओळीनं उभ्या आहेत. विहिरीवरच्या साती आसरा, वाट चुकवणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, वेताळाची पालखी. त्यांची माहिती पुस्तकापेक्षा आजीकडून घ्या, कारण गावागणिक ती बदलते. माझ्या आजोळी आसरांना दहीभात ठेवत, आणि ठेवणाऱ्यानं परतताना मागं वळून बघायचं नाही. "मागं बघायचं नाही" हा एवढा नियम एका प्रकरणाला पुरतो.

इथला सापळा असा की ज्या देवतेची आज पूजा होते, यात्रा भरते, तिला पात्र करून तिच्या तोंडी संवाद घालायचा मोह होतो. तो टाळा. इतिहासातल्या थोर व्यक्तींचंही तसंच. त्यांच्या काळाची हवा घ्या आणि माणसं स्वतःची निर्माण करा. आडनावं तर फारच जपून द्या. आपल्याकडे आडनावावरून वाचक क्षणात जात ओळखतो आणि तुम्ही न लिहिलेलं वाचतो. मी दुष्ट पात्रांना आडनाव दिलं नाही, आणि काळा रंग किंवा लंगडा पाय ही दुष्टपणाची खूण कुठेही केली नाही. वर्गात तशी मुलं बसलेली असतात.

४. जादूला किंमत लावा

मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची मोठी कातडी पिशवी. लिंबच्या विहिरीवर एका वेळी बारा मोटा चालत असत म्हणून तिचं हे नाव. पण प्रत्येक मोटेला बैल लागायचेच. मोट भरून वर यायची तर बैलांनी धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, उतरायचं, मोट थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, रिकामी झाली की मागं सरकत वर यायचं, की पुन्हा तेच. फुकट पाणी वर येत नाही. जादूचं गणित मी इथून उचललं.

माझी नायिका पाणी बोलावू शकते. पहिल्या खर्ड्यात ती हवं तेव्हा बोलवायची आणि पाणी यायचं. वर्गात वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग तिला अडचणच काय हाय?" त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या खर्ड्यात नियम आला: तिनं पाणी बोलावलं की गावातल्या कुणाच्यातरी रांजणातलं तेवढंच पाणी कमी होतं, आणि कुणाच्या ते तिला कळत नाही. एवढ्या एका नियमानं कादंबरीचा मधला अख्खा भाग लिहून घेतला. तिला चोर ठरवणारी माणसं आली, तिच्यावर पाळत आली, आणि जिचा रांजण सगळ्यात आधी रिकामा झाला ती तिचीच मैत्रीण निघाली.

कागदावर चार प्रश्न लिहा आणि उत्तरं एका-एका वाक्यात द्या. ही शक्ती काय करते? काय करूच शकत नाही? वापरल्यावर कुणाचं काय जातं? ती कुणाकडून कुणाकडे कशी जाते? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जमत नसेल तर लिहायला बसू नका. नियम एकदा ठरला की शेवटच्या प्रकरणात नायिकेला वाचवण्यासाठी तो मोडायचा नाही. मुलं ते माफ करत नाहीत.

साताऱ्यात एक प्रश्न हमखास येतो, मला तीनदा आला: "जादू लिहिता म्हणजे अंधश्रद्धा पसरवता का?" डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात हा प्रश्न यायलाच हवा आणि त्याचं उत्तर तुमच्याजवळ तयार हवं. माझं उत्तर असं आहे. गोष्टीतली जादू गोष्टीच्या पानांत राहते, तिथं ती कार्यकारणानं चालते, आणि माझी नायिका प्रत्येक दाव्याला "कशावरून?" विचारते. कादंबरीत एक भोंदू बाबा आहे आणि त्याचं बिंग ती जादूनं नाही, रांजणांची मोजदाद करून फोडते. पुस्तकाच्या पाठीवर "सत्य घटनेवर आधारित" छापू नका. आजारावरचे तोडगे, उतारे, मंत्र खरे वाटतील असे देऊ नका. आपला वाचक पंधरा वर्षांचा आहे, करून बघेल.

५. आई कुठे आहे ते ठरवा

या पायरीबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं. परक्या भाषांतल्या गोष्टींत मुलं मध्यरात्री घराबाहेर पडतात आणि जग वाचवून येतात. आपल्याकडे चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी सातनंतर किराणा दुकानात गेली तरी तीन फोन येतात. मी तो भाग सरळ उडवला होता. तिसऱ्या प्रकरणाचं वाचन संपल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"ताई, हिची आई हिला शोधायला का येत नाही?"

मी म्हटलं, आई झोपली आहे.

"मी कूस बदलली तरी माझी आई उठती."

सगळा वर्ग हसला आणि मी घरी येऊन तीन प्रकरणं पुन्हा लिहिली. आईवडिलांना मारून टाकणं ही सगळ्यात सोपी युक्ती, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेली. आपल्या जगण्यातच बऱ्याच खऱ्या वाटा आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं आजोळ, जिथं आजी दुपारी गाढ झोपते. वसतिगृह. कारखान्याचा हंगाम, जेव्हा ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं आजोबांजवळ राहतात. गावची यात्रा, जेव्हा अख्खं घर रात्रभर बाहेर असतं. किंवा आईला सोबत घ्या. मी तेच केलं. माझ्या नायिकेची आई चौथ्या प्रकरणात तिला विहिरीवर गाठते, रागावते, आणि मग पदर खोचून तिच्यासोबत पायऱ्या उतरते. पुढे वाचकांची पत्रं आली त्यांत सगळ्यात जास्त याच पानाबद्दल लिहिलेलं होतं.

६. भाषा: अद्भुत म्हणजे अलंकारिक नव्हे

जादू आली की आपली मराठी एकदम दरबारी होते. माझ्या पहिल्या खर्ड्यात नायिका म्हणत होती, "हे दुष्टात्म्या, मी तुझ्यापुढे कदापि नतमस्तक होणार नाही!" वर्गातून आवाज आला, "ही बातम्या सांगतीया का?" आता ती म्हणते, "न्हाई वाकणार. काय करायचं ते कर."

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, हे सर्वसाधारणपणे चालतं. पण बोली पक्की हवी. कराडकडची, माणदेशातली आणि जावळीच्या खोऱ्यातली बोली सारखी नाही. एकाच पात्राच्या तोंडी तिन्हींची मिसळ झाली की त्या भागातला वाचक पुस्तक खाली ठेवतो. ज्या गावची बोली लिहिता तिथल्या एका माणसाकडून सगळे संवाद तपासून घ्या. नव्या गोष्टींना नावं देतानाही हेच. उच्चारायला अवघड संस्कृत समास करण्याआधी जुन्या कामधंद्यांचे शब्द आठवा. मोट, नाडा (मोटेचा दोर), धाव, थारोळं हे शब्द आजच्या आठवीतल्या मुलाला मंत्रासारखेच नवे आहेत, शिवाय ते खरे आहेत.

७. खर्डा पुरा करा

यावर फार सांगण्यासारखं नाही. कुमार कादंबरीला तीस ते पंचेचाळीस हजार शब्द पुरतात. रोज ३०० शब्द लिहिलेत, आठवड्यातून पाच दिवस, तर सात महिन्यांत चाळीस हजार होतात. मधे मागं जाऊन दुरुस्त्या करू नका, समासात खूण करून पुढे चला. पहिल्याच पुस्तकाला "भाग पहिला" म्हणू नका. गोष्ट याच पुस्तकात संपली पाहिजे. संपल्यावर महिनाभर हात लावू नका, मग मोठ्यानं वाचत दुसरा खर्डा करा. मुलांना वाचून दाखवताना वहीत दोनच खुणा करायच्या, कुठे चुळबुळ झाली आणि कुठे कुणी "पुढं?" म्हणालं. माझ्या चुळबुळीच्या जवळजवळ सगळ्या खुणा निसर्गवर्णनावर होत्या.

८. टाइप करताना एक फार मोठा खड्डा

पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा मोबाइलवर तशीच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. इनस्क्रिप्ट हा संगणकावरचा मराठी कीबोर्ड शिकायला पंधरा दिवस लागतात, नाहीतर मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहेच. फाइल रोज स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

खड्डा पुढे आहे. बरेच छापखाने अजून पानं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लावतात. तुमची फाइल तिथं रूपांतरित होते आणि जोडाक्षरं सांडतात. माझ्या पहिल्या प्रुफात "साताऱ्यात" हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे "सातार्यात" झाला होता. पायऱ्या, वाऱ्यावर, दुसऱ्या, किनाऱ्याला, सगळ्यांचं तेच. पायऱ्यांवरून विहिरीत उतरणाऱ्या गोष्टीत असे १४० शब्द निघाले. तेव्हा करार करायच्या आधीच विचारा की पानं युनिकोडमध्ये लावणार का. नाही म्हणाले तर पूर्ण प्रूफ स्वतः वाचायची तयारी ठेवा, तेही कागदावर, तीन वेळा. पहिल्यांदा गोष्ट विसरून फक्त अक्षरं बघा, दुसऱ्यांदा नावं आणि आकडे, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी द्या. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम छापून टेबलासमोर लावा. त्यातले १४ हे १९६२ चे आणि ४ हे १९७२ मध्ये जोडलेले.

९. प्रकाशकाकडे जाताना

मराठीत लेखकानं एजंट नेमायची पद्धत जवळपास नाही. थेट लिहायचं. आधी पुस्तकांच्या दुकानात जाऊन बघा की कुमारांसाठी सलग पुस्तकं कोण काढतंय, आणि तेवढ्याच चार-पाच जणांना पाठवा. पाकिटात हे असू द्या:

- एका पानाचं पत्र: कादंबरी कोणत्या वयासाठी, किती शब्दांची, आणि कोणत्या मुलांपुढे वाचून झाली आहे
- एक-दोन पानांचा सारांश, शेवटासकट. शेवट लपवू नका
- पहिली तीन प्रकरणं, कागदाच्या एका बाजूला छापलेली, ओळींत दीडपट अंतर ठेवून
- तुमचा पाच ओळींचा परिचय आणि संपर्क

मूळ प्रत कधीही हातातून सोडू नका. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात, तोवर दर आठवड्याला फोन करू नका.

आता पैशाचं. या कादंबरीआधी माझा एक कथासंग्रह निघाला होता. एका प्रकाशनानं "निवड झाली आहे" असं कळवलं आणि मग ४८,००० रुपये मागितले. मी भरले. ३०० प्रती ठरल्या होत्या, त्यातल्या २६० माझ्याच दारात टेम्पोनं उतरल्या. वितरण म्हणजे काय करणार, हे मी लेखी विचारलंच नव्हतं. पैसे भरून पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, पण मग त्याला निवड म्हणू नये, आणि किती प्रती, कोणत्या दुकानांत, किती कमिशननं, हे कागदावर असावं. त्यात माझं आणखी एक नुकसान झालं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी असते. पहिलं पुस्तक मी असं घालवून बसले होते. तुमचं अजून एकही पुस्तक आलेलं नसेल तर मंडळाची जाहिरात आधी बघा.

१०. करार वाचल्याशिवाय सही नको

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो आणि तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर ऑनलाइन अर्ज होतो, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "सर्व हक्क, कायमचे" अशी ओळ दिसली की थांबा आणि बोला. छापील आवृत्तीचा हक्क द्या. ई-बुक, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपट-मालिका यांची कलमं वेगळी मागा. फँटसीच्या बाबतीत पात्रं आणि त्या जगावर आधारलेली पुढची पुस्तकं तुमचीच राहतील, असंही लिहून घ्या. पुस्तक किती महिन्यांत काढणार आणि नाही काढलं तर हक्क परत येणार का, हे विचारायला संकोच नको.

रॉयल्टी, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणारा वाटा, बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. २५० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रती, सगळ्या खपल्या तर १२,५०० रुपये. हा हिशेब आधी घरी सांगून ठेवा आणि नोकरी सोडू नका.

११. स्वतःच छापायचं ठरवलं तर

डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. चाळीस हजार शब्दांचं पुस्तक सुरुवातीची पानं धरून १६० पानांत बसतं, म्हणजे सोळा पानी दहा फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा). पानसंख्या सोळाच्या पटीत आणा, कोरी पानं उरत नाहीत. मुखपृष्ठ आणि नकाशा चित्रकाराकडून काढून घ्या, मोबदला द्या आणि वापराची लेखी परवानगी घ्या. इंटरनेटवरून उचललेलं चित्र चालत नाही. लागणारी कागदपत्रं:

- आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील
- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक: राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्ज, शुल्क नाही. शीर्षकपान आणि मुखपृष्ठाची फाइल तयार ठेवा. छपाईच्या आधी करा, नंबर यायला वेळ लागतो
- चित्रकार आणि अक्षरजुळणीकाराशी झालेले लेखी व्यवहार, बिलांसह
- छापखान्याचं कोटेशन: प्रती, कागदाचं वजन जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम), बांधणी आणि तारीख

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं अशा चार ठिकाणी एकेक प्रत पाठवायची असते. प्रकाशक तुम्हीच, म्हणून जबाबदारीही तुमचीच. पोस्टाच्या पावत्या फाइलला लावा.

१२. पुस्तक हातात आल्यावर

प्रकाशन समारंभाला भाषणं करणारे पाच पाहुणे बोलावण्यापेक्षा पाच शाळांना जा. शाळांच्या ग्रंथालयांची खरेदी ठरावीक महिन्यांत होते. मुख्याध्यापकांना आधी एक प्रत वाचायला द्या आणि महिन्यानं भेटा. साताऱ्याचा ग्रंथमहोत्सव, सांगलीकडे संक्रांतीला औदुंबरला भरणारं साहित्य संमेलन, अशा ठिकाणी पिशवीत दहा प्रती असू द्या.

आणि ज्यांच्यापुढे वाचलं त्यांना विसरू नका. माझ्या पुस्तकात ऋणनिर्देशाच्या पानावर शाळेचं नाव नाही, "आठवी ब, चौथा तास" एवढंच आहे. प्रती घेऊन गेले तेव्हा ती तुकडी दहावी पास होऊन पांगली होती. "आई शोधायला का येत नाही" विचारणारी मुलगी आता साताऱ्यात अकरावीला आहे. तिनं एस.टी. स्टँडवर उभ्यानंच चौथं प्रकरण उघडून ते पान काढलं, वाचलं, आणि विचारलं, "हिच्या आईचं नाव काय? लिहिलंच न्हाई तुमी."

दुसऱ्या पुस्तकाच्या वहीत पहिल्या पानावर मी तो प्रश्न लिहून ठेवलाय. या वर्षीच्या आठवीपुढे जूनपासून वाचायला बसेन.